कडी बसवण्याच्या सोप्या पायऱ्या

टोस्टवर लोणी फासणाऱ्या सुरीचा तेवढा आवाज येत होता, आणि तोही इतका ओशाळलेला, की सुरीने मध्येच थांबून माफी मागावी. टेबलाच्या एका टोकाला अप्पा बसले होते : ओले केस, गळ्यापर्यंत बटणे लावलेला सदरा आणि समोर धरलेले वर्तमानपत्र, ज्याचे पान बराच वेळ उलटलेले नव्हते. दुसऱ्या टोकाला त्यांचे जावई. मध्ये लेक आणि नात, दोघींच्याही नजरा आपापल्या बशीत.

थोड्या वेळापूर्वी जावयांनी न्हाणीघराचे दार उघडले होते आणि आत अप्पा होते. याहून अधिक तपशिलाची गरज नाही. ज्या न्यायाधीशाने सारी हयात काळ्या झग्यात काढली, त्याला निवृत्तीनंतर जावयाने निव्वळ साबणाच्या फेसात पाहावे, यात जे काही करुण आहे ते शब्दांपलीकडचे आहे. आणि जे हास्यास्पद आहे त्यावर हसण्याची त्या टेबलावर कोणाची प्राज्ञा नव्हती.

दोष दाराचा नव्हता. दाराच्या आतली सरकवायची कडी तुटली होती. ती तुटली तेव्हा नात शाळेत जात होती. आता ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. एवढ्या काळात त्या घराने कडीवाचून जगण्याची स्वतःची एक रीत बसवली होती : जो आत असेल त्याने आवाज करत राहायचे. नात मूलद्रव्यांची नावे ओळीने म्हणे. तिची आई दातांची डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगून दमलेली ती बाई न्हाणीघरात स्वतःचे तोंड उघडून मनसोक्त गाई. आणि घराचे यजमान, म्हणजे हेच जावई, ज्यांना गळा नव्हता पण आवाज होता, ते तिथे नाटके करीत. स्वरचित, शोकान्त आणि बहुतेक तुरुंगात घडणारी. "उघडा हे दार! कोणी आहे का तिथे? खरंच सांगतो, माझा श्वास कोंडतोय!" हे ऐकले की घरातली माणसे समजून घेत, अजून पाणी गरम आहे, आपला नंबर एवढ्यात नाही.

अप्पा राहायला आले तेव्हा त्यांनाही रीत सांगितली होती. "अप्पा, आत गेलात की नुसतं गुणगुणत राहा."

"मी गुणगुणत नाही," अप्पा म्हणाले होते. या निकालावर अपील नव्हते.

आता त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मी रविवारी परत जातो," ते म्हणाले आणि उठून खोलीत गेले.

लेकीचा घास तसाच राहिला. आई गेल्यापासून अप्पा त्या रिकाम्या घरात ओट्यापाशी उभे राहून जेवतात, हे तिला शेजाऱ्यांकडून कळले होते. त्यांनी कायमचे इकडे यावे म्हणून तिने वर्ष-दीड वर्ष मनधरणी केली होती. 'राहून पाहतो' एवढ्यावर ते कसेबसे आले होते. आणि आता साऱ्याचा निकाल एका कडीवर लागत होता.

ती नवऱ्याकडे वळली. ओरडली असती तर बरे, असे त्याला वाटून गेले.

"मी आता एक शब्द बोलणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "आठवणसुद्धा करणार नाही. मी आठवण केली की ते माझं काम होऊन बसतं आणि तू नुसता हो म्हणतोस. या वेळी तुझं तू बघ."

"उद्या," तो म्हणाला. तोंडातून निघून गेले. जीभ म्हणजे वाट माहीत असलेला घोडा.

कचेरीत त्याला उद्याराव म्हणत ते याचमुळे. आपणही तेच म्हणू. उद्यारावांचा व्यवसाय असा, की तो ऐकून दैवालाही हसू फुटावे. यंत्रांच्या खोक्यांतून जी माहितीपत्रके निघतात, त्यांचा मजकूर ते लिहीत. 'प्रथम सर्व भाग जमिनीवर मांडून घ्या', 'आता बाण दाखवतो त्या दिशेने फिरवा', ही सगळी त्यांची वाक्ये. त्यांच्या शब्दांवर विसंबून असंख्य घरांत पंखे फिरत होते, कपाटे उभी होती. त्यांच्या घरात मात्र न्हाणीघराला कडी नव्हती.

आळशी म्हणावे, तर तो माणूस एखाद्या दुपारी मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधत अख्खी इमारत उतरून जाई. कामे त्यांना कळत, जमत. फक्त कामापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर त्यांना इतर सगळे जग भेटे. नुकतेच एका डॉक्टरीण बाईंनी त्यांना तपासून सांगितले होते, की हा लक्षाचा विकार आहे आणि तो लहानपणापासूनचा आहे. "तुमच्यात लक्ष कमी नाही हो. भरपूर आहे, पण त्याला दावं नाही. काम महत्त्वाचं आहे एवढ्यानं तुमचं मन हलत नाही. त्याला गोडी लागते, काही नवं लागतं, चढाओढ लागते, नाहीतर अगदी गळ्याशी आलेलं लागतं. औषध देते, पण युक्त्या तुमच्या तुम्हांलाच शोधाव्या लागतील." हे ऐकून उद्याराव दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते. इतकी वर्षे ज्याला सगळे स्वभाव म्हणत आले, त्याला एक वेगळे नाव होते. सुटल्यासारखे वाटले, आणि सुटून जायचे कुठे, तेही कळेना.

तर युक्त्या.

पहिली : कामाचे लहान तुकडे करावेत. पहिला तुकडा, दुकानात जाऊन कडी आणणे. उद्याराव दुकानात गेले. तिथे कड्यांची एक अख्खी भिंत होती, आणि माणूस आतून बंद होण्यासाठी किती परींनी धडपडत आला आहे, हे पाहून ते अंतर्मुख झाले. दुकानदाराशी त्यांची पितळ आणि पोलाद यांच्या वृद्धत्वावर प्रदीर्घ चर्चा झाली. शेजारच्या दुकानात रोपे होती. कडी आणायला गेलेला माणूस कुंडी घेऊन परत आला. बायकोने कुंडीकडे पाहिले, झाडाला पाणी घातले आणि शब्दाला जागून एक अक्षरही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि दुकानदारानेच हाक मारली, "साहेब, काल पैसे देऊन कडी इथंच विसरलात."

दुसरी युक्ती : बक्षीस. काम झाले की खायचा म्हणून त्यांनी नारिंगी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा टेबलावर कडीशेजारी ठेवला. संध्याकाळी कडी जागच्या जागी होती, पुडा नव्हता.

"उचल घेतली," उद्याराव म्हणाले.

"आणि काम?" मुलीने विचारले.

"उचल फिटली की."

तिसरी युक्ती शेजारून चालून आली. समोरच्या घरात एक व्यायामशिक्षक राहत. गळ्यात शिट्टी; ती झोपतानाही काढत नसावेत. "तुमच्याकडं शिस्त नाही, बाकी काही नाही," ते म्हणाले. "विकार-बिकार सगळं थोतांड. मी शिट्टी मारली की सुरू. बघा कसं काम निघतं ते!" त्यांनी स्वतःचे ड्रिल मशीनही आणून दिले आणि सकाळी जिन्यात शिट्टी फुंकली. उद्याराव खरोखरच धावले, पण शिट्टीच्या आत जो गोटीएवढा मणी फिरतो तो बुचाचा असतो की लाकडाचा, या प्रश्नापर्यंतच. थोड्या वेळाने दोघे गृहस्थ जिन्यात बसून शिट्टी उघडण्याच्या खटपटीत होते. ती पुन्हा पूर्वीसारखी वाजली नाही. व्यायामशिक्षकांच्या चेहऱ्यावर, तरुणपणी कोणीतरी सोडून गेल्यासारखी उदासी उतरली.

मग मुलीने सुचवले, "बाबा, सगळ्यांसमोर जाहीर करून टाका. लाजेनं होतात माणसांची कामं." उद्यारावांनी इमारतीच्या ग्रूपवर लिहिले : 'रविवारच्या आत मी आमच्या न्हाणीघराच्या दाराला कडी बसवणार आहे.' अभिनंदनाचे अंगठे आले. पाठोपाठ सेक्रेटरींचे उत्तर आले : 'ड्रिल वापरणार असल्यास लेखी परवानगी आवश्यक.'

सेक्रेटरींचे म्हणणे नियमाला धरून होते. भोक पाडल्याने आवाज होतो, आवाजाने तक्रार होते आणि तक्रार झाली की त्यांना बैठक बोलवावी लागते, जिला कोणी येत नाही. "अर्ज करा," ते म्हणाले. "कामाचं स्वरूप, कारण, भोकांची जागा. आणि दार आत उघडतं की बाहेर तेही लिहा, मागं त्यावरून भांडण झालंय."

आणि इथे चमत्कार घडला. अर्ज हे काही कडी बसवण्याचे काम नव्हते, म्हणून उद्यारावांचे मन त्यात अलगद उतरले, जसे बदक पाण्यात. ते सकाळी बसले आणि जेवायला उठले नाहीत. अर्जाला प्रस्तावना होती. दाराची तिन्ही अंगांनी काढलेली आकृती होती. 'कारण' या सदराखाली एकान्त आणि संस्कृती यांच्या नात्यावर असा एक परिच्छेद होता, की तो वाचून सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "असा अर्ज मी आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले. "फाइलला लावायला जीव होत नाही." परवानगी मिळाली : शनिवारी सकाळी, दुपारची शांततेची वेळ सुरू होण्याआधी.

शनिवार आला. बायको दवाखान्यात, मुलगी कॉलेजात. खोलीत अप्पांची बॅग अर्धी भरलेली. काम अगदी गळ्याशी आले होते, आणि तरी उद्याराव हातात कडी घेऊन न्हाणीघराच्या दारात नुसते उभे होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते काहीच करत नाहीत असे वाटले असते. आत मात्र एक माणूस बंद मोटारीला धक्का देत होता. घामाघूम होऊन, एकटाच, चढावर. आपल्याला हे हवे आहे. बायकोसाठी हवे आहे. मग हात का हलत नाही? या प्रश्नाइतके अपमानास्पद त्यांच्या आयुष्यात दुसरे काही नव्हते, साबणाच्या फेसातले अप्पाही नाहीत.

मागे पावले वाजली. अप्पा वर्तमानपत्र आणि एक स्टूल घेऊन आले होते. त्यांनी जावयाकडे क्षणभर पाहिले, जसे साक्षीदाराकडे पाहत असावेत, आणि आत शिरून ते नळाशेजारी स्टूल मांडून बसले.

"अप्पा, तुम्ही इथं कशाला?"

"माझं वाचायचं राहिलंय. तुमचं चालू द्या."

सल्ला नाही, शिट्टी नाही. नुसता एक माणूस पान उलटतो आहे. उद्यारावांनी का कोण जाणे, पेन्सिल उचलली. खूण केली. मग ड्रिल फिरले, लाकडाचा भुसा उडाला, अप्पांनी तो अग्रलेखावरून झटकला. एकदा उद्याराव टाइल्समधल्या भेगेच्या नकाशात रमले. अप्पांनी घसा खाकरला आणि नकाशा पुन्हा भेग झाला. शेवटचा स्क्रू घट्ट बसला तेव्हा त्यांना जे वाटले, ते जग निर्माण करणाऱ्यालाही सातव्या दिवशी वाटले नसेल. कारण त्याला सहा दिवस कोणी उद्याराव म्हटले नव्हते.

"चाचणी घेऊ," ते म्हणाले. माहितीपत्रकातली शेवटची पायरी नेहमी हीच असते. त्यांनी दार लावले आणि कडी सरकवली. ती जरा अडली म्हणून तिच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एक दणका दिला. कडी चौकटीत गेली. किती सुंदर गेली! अशी गेली, की जन्मभर वाट पाहिलेल्या माणसाच्या मिठीत जावी.

ती परत आली नाही.

उद्यारावांनी ओढली. अप्पांनी ओढली. दोघांनी मिळून ओढली. फोन बाहेर टेबलावर होते.

थोड्या वेळाने बाहेरचे दार वाजले आणि बायकोच्या चपलांचा आवाज आला. उद्यारावांच्या जिवात जीव आला. "अगं, दार उघड! मी आत कोंडला गेलोय!"

"आज लवकर सुरू झालं नाटक," बायकोचा आवाज स्वयंपाकघराकडे जात म्हणाला.

"नाटक नाही! खरंच सांगतो!"

"हे मागच्याही अंकात होतं."

मग मुलगी आली. उद्यारावांनी दारावर मुठी आपटल्या. "अरे, कोणी ऐकतंय का!" हातवारे त्यांच्या नकळत होत होते, इतक्या वर्षांच्या तालमीने खऱ्या हाकेलाही रंगभूमीचा लहेजा आला होता.

"बाबा, जरा हळू, मला फोन आलाय," मुलगी म्हणाली, आणि तिचे दार लागले. अप्पा फिरायला गेले असावेत, असे दोघींनी गृहीत धरले होते.

"अप्पा, आता तुम्हीच हाक मारा. तुमचा आवाज आतून कधीच आलेला नाही. लगेच ऐकतील."

"मी न्हाणीघरातून आवाज देत नाही."

"बरं," उद्याराव म्हणाले आणि हताश होऊन बादली पालथी घालून तिच्यावर बसले. नळ ठिबकत होता. झरोक्यातून पडलेला उजेडाचा चौकोन समोरच्या टाइलवरून सावकाश सरकत होता, कोणतीही युक्ती न वापरता.

"अप्पा, तुम्ही येऊन बसलात आणि माझा हात चालला. कसं काय सुचलं तुम्हांला?"

अप्पांनी एक पान उलटले. मग वर्तमानपत्राकडेच पाहत म्हणाले, "मी निकालपत्रं घरी लिहायचो. समोरच्या खुर्चीत ही काहीतरी शिवत बसायची. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, हिला दुसरं काही काम नाही." घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आता तिचं कपाट आवरायचंय. तिकडं असलो की रोज दार उघडतो, उभा राहतो, पुन्हा लावतो. मघाशी तुम्ही कडी घेऊन उभे होतात ना? तसाच."

उद्यारावांना पुष्कळ बोलावेसे वाटले. एकाच वेळी, सगळ्या दिशांनी. त्यातले त्यांनी एवढेच निवडले : "मी येईन तिकडं. कपाटासमोर बसायला. बसणं मला जमतं."

अप्पांनी मान डोलावली नाही, पण घडी घालून वर्तमानपत्र खाली ठेवले. उभे राहिले. सदऱ्याचे वरचे बटण तपासले. आणि कधीही कोर्टात चढवला नसेल एवढा आवाज चढवून त्यांनी पुकारले :

"चिमे!"

दातांच्या डॉक्टर, एका मोठ्या मुलीची आई, चाळिशी उलटलेली बाई. हातातले भांडे टाकून धावत आली. "अप्पा! पडलात का? कुठं लागलं?"

पुढचे सगळे भराभर झाले. व्यायामशिक्षक आले, दाराला खांदा देतो म्हणाले आणि स्वतःलाच इशारा म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली. तिच्यातून वारा तेवढा आला. शांततेची वेळ सुरू झाल्यामुळे सेक्रेटरीही आले. "परवानगी भोकांपुरती होती," ते खेदाने म्हणाले. "दार तोडणं हा स्वतंत्र अर्ज होतो."

"अहो काका, आत माझे वडील आहेत!" बायको म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, तातडीचा म्हणून करू. पण अर्ज यांनीच लिहावा. यांचं लिखाण सुरेख आहे."

या गदारोळात मुलगी दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, कडी आतल्या बाजूनं बसवलीत ना?"

"हो."

"म्हणजे स्क्रूसुद्धा आतल्या बाजूनं आहेत."

"हो, आहेत की."

"आणि स्क्रू ड्रायव्हर कुठंय?"

आत उद्यारावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. स्क्रू ड्रायव्हर त्या हातातच होता. तोच उगारून ते एवढा वेळ तुरुंगाच्या भिंतींना शाप देत होते. अप्पांनीही त्या हाताकडे पाहिले. आणि सारी हयात पुराव्याच्या वस्तू तपासण्यात घालवलेल्या त्या माणसाने मान फिरवून झरोका न्याहाळायला सुरुवात केली.

स्क्रू एकेक निघाले. दार उघडले. कडी उद्यारावांच्या तळहातावर होती. नवी कोरी, बिनकामाची. बाहेर उभ्या माणसांपैकी कोणीही हसले नाही, यामुळे जो घाव बसला तो हसण्याने बसला नसता.

रविवारी सकाळी अप्पांची बॅग दाराशी आली. बायको खिडकीशी उभी होती आणि अजूनही शब्दाला जागत होती. टेबलावर कडी पडली होती, तिच्या बाजूला बिस्किटांचा नवा पुडा, न फोडलेला.

उद्याराव उभे राहिले. "अप्पा," ते म्हणाले, "गाडी बोलवू का? म्हणजे बोलवायची असेल तर बोलवतो. पण कडी परत बसवायचीय. चौकटीतलं भोक थोडं मोठं करावं लागेल, एवढंच. तुम्ही स्टूल घेऊन बसलात तर आज होईल. नाही बसलात तर कधी होईल ते मलाही माहीत नाही. खोटं कशाला सांगू? आणि कपाटाचं मी म्हणालो ते विसरलेलो नाही. विसरेन, पण अजून विसरलेलो नाही. थांबताय का?"

बायको खिडकीकडून वळली.

अप्पांनी जावयाकडे पाहिले, कडीकडे पाहिले. मग वाकून बॅगेची चेन उघडली, घडी घालून ठेवलेला टॉवेल बाहेर काढला, तो खांद्यावर टाकला आणि ते न्हाणीघराकडे चालू लागले. बिनकडीचे दार लोटून घेता घेता त्यांनी घसा खाकरला. गाणाऱ्याने सुरुवातीआधी खाकरावा तसा.